पाडव्यापर्यंत सावली

सर्रर्र, आणि मग खट्. लोखंडी टेप आपल्या डबीत परत शिरताना करते तो आवाज. दुपारच्या शांततेत तो एवढा स्वच्छ वाजला की निशिगंधाची सुई मोरपंखी साडीच्या काठात अर्धी गेलेली तिथंच थांबली. ही वेळ तिची होती. नंदू बालवाडीतून येऊन, दहीभात खाऊन, एक पाय भिंतीला लावून झोपलेली. सासूबाई आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळून आडव्या झालेल्या. नवरा, विश्वजित, शिरोलीला कामावर. दिवसातून एवढाच तुकडा असा असायचा की ज्यात तिला कुणी हाक मारत नसे, आणि त्या तुकड्यावर ती मांजरासारखी अंग चोरून बसायची. बाहेर पुन्हा सर्रर्र झालं. तिनं पडदा बोटानं बाजूला केला. सासरे, गणपतराव, कमरेत वाकून फाटकापासून पायरीपर्यंत टेप धरत होते, आणि त्यांचा डावा पाय, चामडी चपलेसकट, तिच्या हळदीच्या वाफ्यात होता.

तिनं विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं. कालच्या रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू झालं तेव्हाच ती समजून गेली होती. समोरच्या रांगेतल्या हंबीररावांच्या सूनबाई वाण घेऊन निघताना दारातल्या वृंदावनापाशी थांबल्या, वाळून काडी झालेल्या तुळशीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याबी वर्षी गेली व्हय?" वाईट हेतूनं नाही. पण ते 'ह्याबी' आत्तींच्या पायात बाभळीच्या काट्यासारखं घुसलं. आत्ती म्हणजे सासूबाई. माहेरच्या, नेसरीकडच्या रिवाजानं निशिगंधा सासूला आत्ती म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. बायका गेल्यावर आत्ती वाणाचं तबकही न उचलता खुर्चीत बसून राहिल्या. मग मामांनी वास्तूवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांनी ऐकावा म्हणून. ज्या दारात तुळस टिकत नाही त्या दारात माती उघडी ठेवू नये, वास्तूवाले म्हणाले. सरळ कोबा करून घ्या, त्यावर तुळशीचा तयार कट्टा मांडा. आणि विश्वजितची चारचाकी उन्हाळ्यात येणारच होती, ती लावायला जागा हवीच होती. दोन्ही गोष्टी अशा एकमेकींत बसल्या की मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. निशिगंधा तेव्हा कपबशा गोळा करत होती. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. तिची मान खाली होती आणि तिला आपले हात लपवावेसे वाटत होते, कारण गेली काही वर्षं ह्या घरात जे काय मरत होतं ते ह्या हातांनी मरत होतं. निशाच्या हाताला यश न्हाई. आत्ती हे ओरडून म्हणायच्या नाहीत. भाजीत मीठ किती ते सांगावं तशा सांगायच्या.

हे घर घेतलं तेव्हा ती नव्हती. साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर मामांनी कळंब्याच्या अलीकडं ही वसाहत बघितली, समोरासमोर दोन रांगा, मध्ये बोळ. एका रांगेची दारं उत्तरेला, दुसरीची दक्षिणेला. दक्षिणेची कुणाला नको होती, दक्षिण यमाची. मामांनी हट्टानं उत्तरेचं घेतलं. उत्तर कुबेराची, उत्तरेला मोकळी जागा हवी, उत्तरेला तुळस हवी. मग बिल्डरनं दिलेल्या चार बाजल्यांएवढ्या मातीच्या पट्टीत, बरोबर मध्यावर, सिमेंटचं वृंदावन बसलं, आणि त्याच्या मागं दोन मजली घर उभं राहिलं, छाती काढून, सूर्याच्या आणि तुळशीच्या मध्ये. दसरा झाला की घराची सावली पायरी उतरायची, वाफा ओलांडायची, कुंपणाच्या भिंतीवर चढायची आणि तिथंच बसायची. बोळाच्या पलीकडं, ज्यांची आत्तींनी इतकी वर्षं कीव केली त्या दक्षिणमुखी दारांतून, तुळशी कमरेएवढ्या वाढून मंजिऱ्यांनी लवायच्या. हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. पण दिसण्याचा आणि मानण्याचा संबंध ह्या घरात कमीच होता. आत्तींनी त्यावरही तोड काढली होती. दर संक्रांतीला त्या नवी तुळस आणायच्या. उत्तरायण लागलं, म्हणायच्या, आता सूर्य उत्तरेला आला, आता ऊन आपल्या बाजूचं. रोप लावायच्या, पाणी घालायच्या, आणि सूर्य काही दारात यायचा नाही. रोप आधी पिवळं पडायचं, मग खालची पानं गळायची, मग गाठी काळ्या पडायच्या. पहिल्या वर्षी निशिगंधाला दिवस होते. तुळस गेली आणि पुढं मुलगी झाली, आणि ह्या दोन गोष्टी कुणीतरी एका वाक्यात बोललं. कोण ते तिनं लक्षात ठेवलं नव्हतं. वाक्य ठेवलं होतं.

त्या बाळंतपणानंतर माहेरचा मुक्काम संपवून ती परत आली तो फाल्गुन होता. कडेवर नंदू, आणि पिशवीत आईनं ओल्या फडक्यात बांधून दिलेले अळूचे कंद. नेसरीच्या घरी परसात न्हाणीचं पाणी जायचं तिथं भिंतीच्या कायमच्या सावलीत अळूचं रान माजलेलं असायचं. आई त्याला कधी हात लावायची नाही, फक्त पानं कापायची. कुणी नाव घेत नाही तिथंच चांगलं वाढतंय, असं आई म्हणायची. अळवाबद्दल म्हणायची की स्वतःबद्दल, हे निशिगंधानं कधी विचारलं नाही. तिनं ते कंद वृंदावनाच्या मागं, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, कुणाला न विचारता खुपसले. मग ती बघत बसली. बाळाला पाजताना दुसरं काय करणार? खिडकीशी बसून ती सावलीची कड बघायची. रोज थोडी, चोरपावलांनी, ती कड सरकायची. पाडव्याच्या सुमाराला एका सकाळी उगवतीकडून तिरपी, लालसर उन्हाची एक पट्टी पायरीच्या कोपऱ्याला शिवली आणि तिला कळलं.  संक्रांतीला सूर्य फक्त तोंड फिरवतो. निघतो. पोचत नाही. वैशाखात तर भर दुपारी तो घराच्या डोक्यावरून पलीकडं झुकला आणि पट्टीभर ऊन सांडलं. आणि मग ज्या दिवसांत सूर्य तिच्या बाजूला होता त्याच दिवसांत आभाळ भरून आलं. तिला हसूच आलं. आपलं नशीबही बिल्डरनं उत्तरेलाच तोंड करून बांधलंय, असं तिनं विश्वजितला सांगितलं, आणि तो मोबाईलमधून मान वर न काढता व्हय म्हणाला.

त्यानंतर तिनं ऊन मागणं सोडून दिलं. जे आहे त्यात काय होतं ते बघू लागली. कुंपणाच्या भिंतीचं तोंड घराकडं, म्हणजे दक्षिणेला. तिच्या माथ्यावर थंडीतसुद्धा थोडं ऊन बसायचं. तिनं त्या भिंतीला दाट चुना मारला, दोन हात, आणि उजेड भिंतीवरून उसळून वाफ्यात पडायला लागला. जुनी, काठ चेपलेली स्टीलची परात तिनं भिंतीवर तिरकी बांधली. बोळातल्या पोरांनी तिला डिश टीव्ही म्हणून नाव ठेवलं आणि एक म्हातारा तर खरंच विचारून गेला, किती चॅनेल लागत्यात. तांदळाचं धुवण, अंघोळीचं पाणी, कळंबा तळ्याकाठचा पालापाचोळा. मग हळद, आलं, भिंतीच्या ओलीत नेचा, पायरीपाशी पानओवा, आणि न्हाणीच्या पाइपाखाली सोनटक्का, जो श्रावण-भाद्रपदात असा फुलायचा की संध्याकाळी समोरच्या रांगेतले लोक उन्हानं तापलेल्या आपल्या दारातून उठून बोळात, तिच्या फाटकापाशी येऊन उभे राहायचे. घरातही तिनं तेच केलं. पुढच्या खोलीत दिवसा ऊन येत नव्हतं, पण उजेड होता, थंड, एकसारखा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपला रंग न बदलणारा. त्या उजेडात फॉलचा रंग साडीशी लावून बघितला की तो फसवायचा नाही. बायका म्हणायच्या, निशाकडचा फॉल लांबून ओळखू येत न्हाई. तिनं मशीन खिडकीला लावलं, भिंती पांढऱ्या केल्या, कपाटाला बाहेरून आरसा लावला. हळूहळू ह्या घराची सावली तिला माणसासारखी ओळखीची झाली. कुणी मोठं, अबोल, दारात पाठ करून बसलेलं माणूस. त्याला सरक म्हणता येत नाही, पण त्याच्या कडेकडेनं जाता येतं.

आणि आता ह्या सगळ्यावर सिमेंट.

विश्वजित संध्याकाळी आला तेव्हा ती त्याला चहा देता देता बोलली. तो वाईट माणूस नव्हता. तो दमलेला माणूस होता, आणि दमलेल्या माणसाला घरात फक्त एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे कुणीतरी आधीच हार मानलेलं. आप्पा म्हणत्यात तर असू दे की, तो वडिलांबद्दल म्हणाला, तुझ्या कुंड्या ठेव गच्चीवर. गच्चीवर. तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी सोनटक्क्याचा एक गड्डा तिनं वर नेऊन बघितला होता. चार दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या. सावलीत वाढलेल्याला उन्हात ठेवणं हे बक्षीस नसतं. हे तिनं त्याला सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणाली, मग तुळसच नेऊया की गच्चीवर, तिला ऊन लागतंय. विश्वजितनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं त्याच्या आईलाच गच्चीवर ठेवायचं म्हटलं होतं. मग तो उठला आणि नंदूला घेऊन तळ्यावर फिरायला गेला. ती कपबशी धुवत राहिली. तिला आश्चर्य वाटत होतं ते एवढ्याचं की तिला रडू येत नव्हतं.  लग्नात हळद लावताना मावशीनं म्हटलं होतं, सासरी पहिलं वर्ष मान खाली, दुसरं वर्ष अर्धी वर, तिसऱ्याला सरळ. तिचं सरळ व्हायचं वर्ष कधीच मागं पडलं होतं आणि मान तशीच होती, भांड्यांवर, साडीवर, पोरीच्या वेणीवर. फक्त त्या मातीत वाकलेली असताना ती खाली आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी, विश्वजित शिरोलीला निघून गेल्यावर, गवंडी आकाराम टेम्पो घेऊन आला. वाळू, खडी, सिमेंटची पोती, आणि दोन बायका पाट्या घेऊन. फाटक उघडायला मामा पुढं झाले आणि तिथंच थांबले. निशिगंधा हळदीच्या वाफ्यात पाट टाकून बसली होती. हातात खुरपं, पदर खोचलेला, बाजूला घमेलं. हळदीची पानं कधीचीच वाळून झोपली होती. कंद काढायचे दिवस आलेच होते. ती काही ठरवून बसली होती असं म्हणता येणार नाही. पहाटे दूध तापवताना तिला एवढंच दिसलं होतं की हळद अजून जमिनीत आहे, आणि जमिनीत असलेल्या हळदीवर कुणी सिमेंट ओतत नाही. निदान तिच्या आईच्या घरी तरी नाही. तिनं एक गड्डा उकरला, माती झाडली, नखानं साल खरवडली. आत तो रंग होता, भडक, जवळजवळ नारिंगी, सबंध हिवाळाभर सावलीत बसून कुणी बनवला असेल असं वाटू नये असा.

"ऊठ," मामा म्हणाले.

"हळद काढाय लागलोय, मामा."

"किती येळ?"

"निघंल तेवढा."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. बोळात समोरची दोन-तीन दारं उघडली. हंबीररावांच्या सूनबाई केरसुणी हातात घेऊन तीच पायरी पुन्हा पुन्हा झाडू लागल्या. मामा इकडं-तिकडं बघत आवाज खाली घेऊन बोलले, लोक बघत्यात, घरची अब्रू, हे काय नाटक. मग आवाज वर गेला. हे घर त्यांनी घेतलं, ही जागा त्यांची, आणि दारातली तुळस जगवता येत नाही तिनं हळदीची मिजास सांगू नये. ते शेवटचं वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा बहुधा त्यांनाही ते नको होतं. पण ते आता बोळात होतं, सगळ्यांच्या समोर, आणि निशिगंधाला वाटलं, बरं झालं. आतापर्यंत ते फक्त आतल्या खोल्यांत, मिठासारखं, चिमटीचिमटीनं यायचं. आज पोतं फुटलं. तिनं खुरपं मातीत रोवलं. ती उठली नाही. 

"माझ्या हातानं मेली न्हाई तुळस," ती म्हणाली. "घराच्या सावलीत मेली. उत्तरायण लागलं म्हंजे सूर्य आपल्या दारात आला न्हवं, मामा. तो निघालाय तिकडनं, पोचायचाय अजून. पाडव्याला पोचतोय. मी दरवर्षी हितं बसून बघतोय. तवर सावली हाय, आणि ह्या सावलीत जे जगतंय ते माझ्या हातानं जगलंय. तुम्हीबी खाल्लंय, आत्तींनीबी खाल्लंय. कोबा करायचा तर करा. मी हितनं उठत न्हाई. माझ्यावरनं करा."

 मामांची नजर तिच्यावरून निघून मागं, घरावर गेली, तळापासून वर, गच्चीच्या कठड्यापर्यंत, जणू ते घर त्यांनी पहिल्यांदाच ह्या बाजूनं बघितलं. आकारामनं तंबाखू मळली, बार भरला, पाट्यांवाल्या बायकांना हातानंच थांबायची खूण केली. त्याच्या आयुष्यात असे पुष्कळ घरोघरचे तंटे येऊन गेले असणार. "पावणं," तो मामांना म्हणाला, "तुमचं घरातलं आधी मिटवा. सिमेंट एकदा भिजलं की कुणाचं ऐकत न्हाई." त्यानं वाळू तेवढी बोळात ओतून घेतली, पोती परत चढवली आणि टेम्पो मागं मागं घेत निघून गेला. मामा आत गेले. थोड्या वेळानं आतून बातम्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. हे संपलं नव्हतं, हे तिला कळत होतं. वाळू फाटकाबाहेर होती. पण आज सूर्य मावळेपर्यंत ही माती माती राहणार होती, आणि उद्याचं उद्या ती पुन्हा पाट टाकून बसणार होती, हळद संपली तर आल्यावर, आलं संपलं तर अळवावर. काहीतरी जमिनीत कायम असतंच. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि तिला त्यांच्याकडं बघावंसं वाटत होतं, लपवावेसे वाटत नव्हते.

आत्ती किती वेळ दारात उभ्या होत्या कुणास ठाऊक. चौकट धरून, एक एक पाय खाली टेकवत त्या पायरीवर आल्या आणि बसल्या. त्यांची नजर वृंदावनातल्या काडीवर होती. निशिगंधा वाट बघत होती, आणि जे आलं त्याची तिनं तयारी केलेली नव्हती.

"तुळस गच्चीवर नेणार म्हणतीस," आत्ती म्हणाल्या. "विश्वानं सांगितलं मला. आणि मी गं? ह्या गुडघ्यांनी जिना चढू?"

"मी घालतो की पाणी, आत्ती. रोज सकाळी."

"माझं पाणी तू घालणार." आत्ती हसल्यासारख्या झाल्या, पण ते हसू नव्हतं. "सकाळचा तांब्या तेवढा माझा हाय ह्या घरात. चूल तुझी, कपाट विश्वाचं, घर ह्यांचं. मरती तर मरती, मी नवी आणून लावतो. पण हात जोडाय दारात तर असती."

निशिगंधाच्या हातातला कंद तसाच राहिला. तिला एवढी वर्षं वाटत होतं की तुळस हा तिच्यावरचा आरोप आहे. ती कुणाचं तरी एवढंसं, चार बाजल्यांतलं अर्धं बाजलं, असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पण ध्यानात आलं म्हणून ती उठणार नव्हती. तिला ह्या बाईची कणव आली आणि त्या कणवेसकट ती जागेवर घट्ट बसून राहिली, जरा जास्तच घट्ट. दोघींना पुरेल एवढी माती इथं होती. दोघींना पुरेल एवढं ऊन नव्हतं, आणि ते काही तिनं अडवलेलं नव्हतं. पाडव्याला रोप आणूया, ती म्हणाली, संक्रांतीला नको, पाडव्याला. दसऱ्यापर्यंत तरी हिरवी राहील. दसऱ्यानंतर? आत्तींनी विचारलं. दसऱ्यानंतर तेवढे महिने कुंडी समोर ठेवू, हंबीररावांच्या दारात, त्यांच्याकडं ऊन हाय. बोळ ओलांडायला गुडघे लागत न्हाईत. आत्तींनी तिच्याकडं वळून बघितलं. दक्षिणेच्या दारात आपली तुळस! त्यांच्या चेहऱ्यावर एवढा धक्का होता की निशिगंधाला, अशा वेळीसुद्धा, हसू आवरलं नाही.   आत्तींनी पुढं वाकून घमेल्यातला एक कंद उचलला, दाबून बघितला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, उकडताना झाकण घट्ट ठेव, न्हाईतर वास जातोय.

नंदू झोपेतून उठून, केस विस्कटलेले, फ्रॉक एका खांद्यावरून घसरलेला, अशी बाहेर आली. नवी वाळू बघून आधी तिकडं धावली, मग परत फिरून आईच्या मांडीला टेकून बसली आणि मातीतून पिवळं काय निघतंय ते बघू लागली. निशिगंधानं तिच्या हातात एक लहान कंद दिला. पोरीनं तो कपाळाला घासला, मग गालाला. आत्ती तिच्याकडं बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेलं काहीतरी त्या बोलल्या, जसं कुणी अंगाई म्हणावी.

"जीव काढून राखतीस ही माती. कुणासाठी गं? ही काय, जाईल उद्या आपल्या घरी."

निशिगंधाचं तोंड उघडलं. तिच्याजवळ उत्तर होतं, आज सकाळपासून सगळ्याच गोष्टींना उत्तर होतं, तिखट, तयार, जिभेच्या टोकावर. पण तिच्याआधी नंदूनं मान वर केली. हळदीनं माखलेला तो इवलासा चेहरा, भिंतीवरच्या चुन्याचा उजेड डोळ्यांत, आणि घाबरलेला अजिबात नाही. शाळेला कुठल्या रस्त्यानं जायचं ते विचारावं तशी ती फक्त विचारत होती.

"आई, मी जाणार त्या घरात ऊन कुठल्या बाजूला असतंय?"